गोळ्या एकच आहेत असं सांगणारी बाई

तुमच्या सदरातले अनुभव मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचते. बऱ्याचदा हसते. भूत, चकवा, झपाटणं यातलं काहीच मी कधी मानलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मानत नाही. तरी हे लिहायला बसले याचं कारण भीती नाही, राग आहे. दीड वर्ष झालं, तो उतरत नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीला सगळं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "बापरे, काटा आला अंगावर!" आणि मग परत परत त्या बाईबद्दलच विचारत राहिली. ती कशी दिसायची, कुठे बसायची... माझ्या आईबद्दल एक प्रश्न विचारला नाही तिने.

म्हणून विनंती आहे, वाचणार असाल तर सगळं वाचा. मला असं लिहायची सवय नाही. चुकलं तर समजून घ्या.

आम्ही भुईगावचे. वसईहून एसटीने आलात की देवळाच्या आधी एक अरुंद गल्ली आत वळते, तिच्या टोकाला आमचं घर. घरामागे वाडी, वाडीत केळी, दुधी, तोंडली, आणि वाडीच्या मधोमध बावखल. आमच्याकडे शिंपण्यासाठी खणलेल्या तळ्याला बावखल म्हणतात. आई-बाबा दोघं वाडीत राबतात. आई भाजी घेऊन पापडी गावच्या बाजाराला बसते. दोघांनाही लिहिता-वाचता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आता टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय झूऑलॉजी. बारावी पास झाले तेव्हा बाबांनी मला मनगटी घड्याळ घेऊन दिलं होतं. त्या घड्याळाचा मला केवढा अभिमान होता, ते पुढे कळेल.

ही गोष्ट १९९७ च्या श्रावणातली. मी तेव्हा एस.वाय.ला. त्या वर्षी आमच्याकडे घरोघर मलेरिया होता. स्टेशनकडे सगळीकडे बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, पायाच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं, आणि आमच्याकडे तर बावखलं आधीपासूनच आहेत. डासांना काही कमी नव्हतं.

आईला एका सोमवारी दुपारी थंडी भरून आली. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दुसऱ्याच दिवशी मलेरियावाला आला. म्हणजे सरकारी माणूस, हिवतापाचा कर्मचारी. खाकी पिशवी घेऊन घरोघर फिरायचा, तापवाल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा, पांढऱ्या गोळ्या द्यायचा आणि दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख टाकून जायचा. त्याने गोळ्या दिल्या आणि विचारलं, "आणखी कुणाचं औषध चालू नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

तेव्हा ते खरं होतं. पण तो गेल्यावर काकी म्हणाली — काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहते — "सरकारी गोलीवर काय जातोय एवढा ताप? ती हलकी असते. तालुक्याला डाक्टर हाय ना आपला, त्याच्याकडे न्या. त्याची गोली भारी."

आमच्याकडे सगळे असंच धरतात. सरकारी हलकं, प्रायव्हेट भारी. आणि दोन्ही घेतलं तर आणखी बरं. मला हे हसण्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मीच आईला रिक्षात घालून त्या डॉक्टरकडे नेलं.

त्याचं नाव मी लिहीत नाही. वसईत असे बरेच जण आहेत. बाहेर बाकावर पेशंट, आत डॉक्टर, आणि मधल्या खिडकीत कंपाउंडर. गोळ्या बाटलीतून काढून कागदाच्या पुड्या बांधायच्या. पुडीवर फक्त सूर्य काढलेला, एक उगवतीचा, एक मावळतीचा — सकाळी एक, संध्याकाळी एक. नाव कशाचंच नाही. आईला गुलाबी गोळ्या दिल्या, साखरेचं आवरण असलेल्या. मी विचारलं, "डॉक्टर, ह्या कसल्या गोळ्या?"

"तापाच्या."

"नाही म्हणजे... नाव काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाव घेऊन काय करणार? लोणचं घालणार?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले. कानशिलं तापली होती तरी हसले.

आणि आमच्याकडची आणखी एक पद्धत सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं. डॉक्टरला कधी सांगायचं नाही की सरकारी गोळी चालू आहे. त्याला अपमान वाटतो, मग तो नीट बघत नाही. आणि सरकारी माणसाला सांगायचं नाही की डॉक्टरकडे जाऊन आलो. तो गोळ्या न देताच निघून जाईल. हे कुणी शिकवत नाही, येतंच. तीन दिवसांनी मलेरियावाला रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून परत आला, आणखी पांढऱ्या गोळ्या काढल्या आणि तोच प्रश्न विचारला. गुलाबी पुडी माझ्या मागे फळीवर होती.

"नाही, दुसरं काही चालू नाही," मी म्हणाले. मी. झूऑलॉजीवाली.

मग मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला टाइमटेबल केलं. पांढरी किती वाजता, गुलाबी किती वाजता. घड्याळात बघून द्यायचे. काकीला दाखवलं तर ती म्हणाली, "नर्सबाईच झाली की गं आमची पोर." मला फार बरं वाटलं होतं.

ताप तिसऱ्या दिवशीच उतरला होता. पण आई झोपेना. आधी वाटलं अशक्तपणा असेल. मग ती भराभर बोलायला लागली. माझी आई कमी बोलणारी बाई आहे, बाजारातसुद्धा भाव एकदाच सांगते. ती आता एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं काढत होती. बाबांनी पाणी दिलं तर तांब्या हुंगून बाजूला ठेवला. "यात काय टाकलंस?" असं बाबांना विचारलं... बाबांनी स्वतः दोन घोट पिऊन दाखवले.

आठव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर आई चुलीपाशी बसली होती आणि समोर पाट मांडलेला. पाटावर कुणी नाही.

"आई, पाट कुणाला?"

"ही बसलीय ना." सहज म्हणाली, जशी काकी आल्यावर म्हणते तशी. "हिला चा दे. लांबून आलीय."

मी घड्याळात बघितलं. आठ वाजले होते, गोळ्यांची वेळ. मी एका हातात पांढरी आणि एका हातात गुलाबी घेऊन तिच्यासमोर बसले. काकी दारात उभी होती, ती याला साक्षी आहे, तिला आजही विचारा.

आईने तोंड फिरवलं. "नको. ती सांगते घेऊ नको."

"कोण सांगते?"

"ही. म्हनते दोन्ही एकच हायत. येकीला नुसता रंग दिलाय. दोनदा का घेतेस, म्हनते."

इथे मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी त्या रिकाम्या पाटाकडे बघून म्हटलं, "तिला विचार, तू कुठल्या मेडिकल कॉलेजात होतीस?"

काकी हसली. मी आईचे गाल दाबले आणि दोन्ही गोळ्या तिच्या जिभेवर ठेवल्या. ती रडत होती. मी म्हणत होते, "आई, कोर्स अर्धवट सोडायचा नसतो." हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं. त्या आठवड्यात मी ते इतक्या वेळा म्हटलं की आता कुणी म्हटलं तरी मी तिथून उठून जाते.

त्यानंतर दोन दिवस ती बाई आमच्या घरातच होती म्हणा. आई तिच्यासाठी अंग चोरून बसायची, जागा करून द्यायची. ताटात भात वाढायची. तिच्याशी बोलताना घाबरलेली नसायची. घाबरायची ती मला. माझ्या पावलांचा आवाज आला की पदर तोंडात कोंबायची. मी सख्खी मुलगी, आणि मला बघून ती पदर तोंडात कोंबायची.

दहाव्या दिवशी दुपारी आई घरात नव्हती. बाबा बाजारात होते. मी कॉलेज बुडवून घरी होते, जरा भांडी घासायला मागे गेले तेवढ्यात ती उठून गेली. मी वाडीत धावले. बावखलात ती छातीपर्यंत पाण्यात उभी होती. श्रावणातलं बावखल, काठोकाठ भरलेलं, मधे दोन पुरुष बुडतील एवढं खोल. तिचा उजवा हात मागे, खांद्याच्या उंचीवर, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखा ताठ. पाण्यात इतका वेळ हात तसा धरता येत नाही. तुम्ही करून बघा.

"आई!"

"मला जायचंय," ती म्हणाली. "ही सोडत नाय."

मी तशीच पाण्यात उतरले. पोहता येतं मला, आमच्याकडे सगळ्यांनाच येतं. तिच्या कमरेला मिठी मारून मागे ओढलं. हात तोपर्यंत तसाच होता. मी धरल्यावर मग खाली पडला. काठावर आणलं तेव्हा काकी ओरडत पळत येत होती. आई चिखलात बसून थरथरत होती, आणि मला... काय सांगू, त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात आलं की दोनची गोळी राहिली.

त्याच संध्याकाळी काकीने भगत बोलावला.

मी भांडले. बाबांशी जन्मात पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले. "मेंदूला ताप चढला असेल, हॉस्पिटलला न्या." बाबा म्हणाले, "ताप कुठं हाय? हात लावून बघ." खरंच नव्हता. अंग गार होतं.

भगत आला. ओल्या काथ्याच्या दोरीने त्याने आईला मारलं. पाठीवर, दंडावर. "कोन हायस तू? कुठनं आलीस?" मिरच्यांची धुरी दिली. माझी आई — बाजारात कुणाचा एक शब्द ऐकून घेत नाही ती बाई — त्याच्या पायाशी बसून नाक-डोळे गाळत होती. काकाने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. आई एकदाही त्या बाईचं नाव बोलली नाही. "मला नाव नाय सांगितलं" एवढंच. भगताने आणखी दोरी चालवली.

शेवटी त्याने सांगितलं, "अकरा दिवस हिच्या पोटात औषध जाता नये. डाक्टरचं नाय, सरकारचं नाय. औषधानं ती खवळते." बाबांनी माझ्या हातातून दोन्ही पुड्या घेतल्या. मी कुणाला न सांगता दोन गुलाबी गोळ्या पेनाच्या टोपणात ठेवून घेतल्या. वाटलं, लपून देईन. दिल्या नाहीत. आईच्या पाठीवरचे वळ बघितल्यावर हिंमत झाली नाही.

आणि आई बरी झाली.

तीन-चार दिवसांत झोपायला लागली. आठवड्याने तिने बाबांना तांब्यातलं पाणी मागितलं. पाट मांडायचं बंद झालं. अकराव्या दिवशी काकी गल्लीभर सांगत फिरत होती, आणि मला बघितलं की म्हणायची, "काय मग नर्सबाई? शिकलात तुम्ही, पन आमचा भगत भारी निघाला ना?" माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, आणि माझ्या गोळ्यांनी आई बिघडली, दोरी आणि मिरचीने सुधारली.

महिन्याभराने मलेरियावाला पुन्हा फेरीवर आला. आई बाजारात होती. मी सहजच, का ते माहीत नाही, टोपणातली एक गोळी त्याच्या हातावर ठेवली. "ही कसली असते हो?"

त्याने नखाने गुलाबी आवरण खरवडलं, जिभेला लावलं आणि थुंकला. "कडू जहर. ही आपलीच की! आम्ही देतो तीच, मलेरियाची. नुसतं वरून साखर-रंग लावलेली." मग माझ्याकडे बघून एकदम थांबला. "दोन्ही दिल्या होत्या?"

मी मान हलवली.

"अगं मी दोनदा विचारलं होतं तुला!"

हो. दोनदा विचारलं होतं.

तोच मला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, झोपेपासून बावखलापर्यंत. म्हणाल्या, या औषधाने काही जणांच्या डोक्यावर परिणाम होतो. माणसं झोपत नाहीत, संशय घेतात, नसलेली माणसं दिसतात. नेहमीच्या मात्रेतही होतं कधीकधी, आणि तुम्ही तर दुप्पट दिलंत. औषध थांबवलं की हळूहळू जातं. "ती वाचली हे नशीब समजा," असं म्हणाल्या. "हृदयावरही जातं."

मी दवाखान्याच्या पायरीवर किती वेळ बसले कुणास ठाऊक. भगताने तिला बरं केलं नव्हतं. मी थांबले, म्हणून ती बरी झाली. मला थांबवायला त्याची दोरी लागली.

तिथून सरळ त्या प्रायव्हेट डॉक्टरकडे गेले. बाकावर पाच-सहा पेशंट होते. मी आत घुसले आणि दुसरी गोळी टेबलावर ठेवली. काय झालं ते सांगितलं. मध्येच रडूही आलं.

तो म्हणाला, "सरकारी गोळ्या चालू आहेत असं मला सांगितलं होतं का?"

"नाही. पण पुडीवर नाव असतं तर मीच ओळखलं असतं ना, डॉक्टर? मला वाचता येतं."

"नाव लिहून दिलं की तुम्ही लोक स्वतःच डॉक्टर होता. उद्या शेजारणीलाही द्याल."

"पण मी विचारलं होतं! तुम्ही म्हणालात लोणचं घालणार का!"

त्याला आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने बेल वाजवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. बाहेर आले तर बाकावरच्या एका बाईने माझा हात ओढला. "पोरी, डाक्टरशी असं बोलू नाय. उद्या आपल्यालाच लागतो." तिच्या हातात सूर्य काढलेली पुडी होती.

घरी येऊन सगळ्यांना समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता बरी हाय ना, झालं तर." काकी म्हणाली, "म्हंजी भगत खोटा आन् तुझा डाक्टर खरा? मग त्या गोल्या एकच हायत हे तुझ्या आईला कोनी सांगितलं? मी दारात उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय."

इथे मी अडकले. अजून अडकलेलीच आहे.

मी डॉक्टर मॅडमना विचारलं होतं, भास होणाऱ्या माणसाला खरं कळतं का? त्या म्हणाल्या, चवीवरून समजलं असेल. पण गुलाबी गोळी गोड होती, ती मी स्वतः पाण्याबरोबर घशात ढकलत होते. म्हटलं, चुकून एखादी चावली गेली असेल. आईला विचारलं. "नाय," म्हणाली. "मला नाय कलत गोल्यांतलं. तिनं सांगितलं म्हनून मी बोलले." आई वाचत नाही, दोन्ही गोळ्या एकच आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टर आणि त्याचा कंपाउंडर सोडून. म्हणजे औषधाने तिला एक बाई दिसली, आणि त्या बाईने त्याच औषधाबद्दल खरं सांगितलं. याचा अर्थ मला लावता येत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

पुढच्या वर्षी भाद्रपदात आईला पुन्हा ताप आला. थंडी वाजून, तसाच. आता मात्र घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की गोळ्या द्यायच्या नाहीत. पांढरी नाही, गुलाबी नाही, कसलीच नाही. बाबासुद्धा म्हणाले, "परत ते नको." मी रक्त तपासून घेतलं. या वेळी मलेरियाची वाईट जात निघाली, डोक्यात जाणारी. डॉक्टर मॅडमनी दुसरं औषध दिलं, पाकिटावर नाव लिहिलेलं, सगळ्या गोळ्या एकदाच घ्यायच्या. "ते मागच्यातलं नाही. मी जबाबदारी घेते. पण आजच द्या, आणि उद्या हॉस्पिटलमध्ये हलवायचं. बेशुद्ध पडली तर माझ्या हातात राहणार नाही."

आईने दात आवळून घेतले. तापाने डोळे लाल झाले होते, ओठ फुटलेले. पण माझा हात जवळ आला की ती मागच्या वर्षीसारखीच पदर तोंडात कोंबायची. शुद्धीत असताना. मी गयावया केली. "आई, मी चुकले होते. त्या वेळी चुकले होते. ही वेगळी आहे गं." ती मान हलवत राहिली. "तू मागं बी असंच म्हनलीस." काकी भगताला आणायला गेली होती. दुपारपर्यंत तो येणार होता. त्याने दोरी मारली असती तर एवढ्या तापात आई टिकली असती का?

तेव्हा मी खोटं बोलले.

"आई, ती आली होती."

ती थांबली. "कोन?"

"ती. सकाळी आली होती, मागच्या दाराला. म्हणाली, ही गोळी वेगळी आहे, ही दे म्हणाली."

आईने माझ्याकडे बघितलं. इतक्या तापातही नजर स्वच्छ होती, भाजी घेताना गिऱ्हाइकाकडे बघते तशी. "कशी होती?"

मला माहीत नव्हतं. आईने ती बाई कशी दिसते हे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. भगतालाही नाही, मार खाल्ला तरी नाही. माझ्या मैत्रिणीला मी हेच सांगू शकले नव्हते. मला वाटलं, काहीतरी हिरवं लुगडं वगैरे बोलावं, सगळ्यांनाच लागू पडेल असं. आणि माझ्या तोंडून निघालं,

"नाकात चमकी नव्हती. झाडूची काडी खोचली होती, भोक बुजू नये म्हणून."

मी ते का बोलले, मला माहीत नाही. तसं कुणाला बघितल्याचंही आठवत नाही. बोलल्यावर मलाच वाटलं, झालं, आता आई तोंड फिरवणार.

आईने पदर तोंडातून काढला. मग म्हणाली, "डाव्या नाकात?"

"हो."

तिने हात पुढे केला. गोळ्या स्वतः घेतल्या, माझ्या हातून नाही, आपल्या हाताने जिभेवर ठेवल्या आणि वरून पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि मी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. चार दिवसांनी घरी आणलं. आता ती बरी आहे. बाजाराला जाते.

भगत त्या दुपारी आला होता. आईच्या हाताला काळा दोरा बांधून गेला. काकी सांगते, दोऱ्याने उतरलं.

मी नंतर खूप विचार केला. असं असू शकेल की पहिल्या वेळी बडबडताना आई कधीतरी ते बोलून गेली असेल आणि माझ्या डोक्यात राहिलं असेल. असू शकेल. बाबा म्हणतात, नाही बोलली. काकीने गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं, अशी बाई कधी होती का. कुणाला माहीत नाही. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "आली होती ना तुझ्याकडे? मग मला काय विचारतेस?" आईला वाटतं, मीही तिला बघितलं. मी खोटं बोलले हे तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पुन्हा माझ्या हातून गोळी घेणार नाही. आणि आता तर मला स्वतःलाच नक्की सांगता येत नाही, की ते किती खोटं होतं.

डॉक्टरचा राग मला कळतो. भगताचा कळतो. माझा स्वतःचा तर सगळ्यात जास्त. पण खरं सांगते, मला त्या बाईचाही राग येतो. ती जी कोणी असेल, औषधातून आलेली असो की आणखी कुठून. सगळं माहीत होतं ना तिला? मग पाट मांडणाऱ्या आजारी बाईला काय सांगत बसली? गोळ्या मी देत होते. मी समोरच बसले होते, शुद्धीत, कान उघडे ठेवून. मला सांगायचं होतं.